एका बॉयलरवर चाललेले जहाज

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

'सगळे ठीक आहे, काळजी करू नका' हा तुझा निरोप पोचला. तो पोचण्यापूर्वीच तुमच्या जहाजाचा वेग उतरल्याचे मी जहाजांचे ठिपके दाखवणाऱ्या इंटरनेटवरच्या नकाशावर पाहिले होते, म्हणून हे सविस्तर पत्र.

नायजेरियातील बॉनीहून द्रवरूप नैसर्गिक गॅस भरून निघाल्यावर तुमचा टँकर सोळा-सतरा नॉटने, म्हणजे तासाला तितक्या सागरी मैलांनी, चालला होता. नामिबियाच्या बाहेरून जाताना ठिपका नाहीसा झाला, तेव्हा तुझ्या आईने देवापुढे निरांजन लावले. जहाजाचे ठिकाण आणि वेग कळवणाऱ्या एआयएस यंत्रणेचा संदेश व्हीएचएफ रेडिओ लहरींवर जातो, त्यामुळे किनाऱ्यावरचे केंद्र तो साधारण चाळीस सागरी मैलांपर्यंतच पकडते आणि त्यापलीकडे उपग्रहाचा आधार लागतो, हे ठाऊक असल्याने मी त्याचे फारसे मनावर घेतले नाही. केप टाऊनच्या अलीकडे ठिपका पुन्हा उमटला तो मात्र नऊ नॉटचा. दोन्ही ठिकाणांमधले अंतर मधल्या तासांनी भागून पाहिले, तर सरासरी जेमतेम बारा आली. म्हणजे जे काही झाले ते ठिपका दिसत नसतानाच झाले होते.

केप ऑफ गुड होपला वळसा घालून ईशान्येकडे निघालेल्या जहाजाला अगुल्हासचा प्रवाह समोरून येतो, काही ठिकाणी चार-पाच नॉटपर्यंत. तिथे वेग उतरला असता तर नवल नव्हते. तुम्ही अजून पश्चिम किनाऱ्यालाच होता, आणि तिथला बेंग्वेला प्रवाह उलटा असला तरी इतका मंद, की तो सात-आठ नॉट खाऊ शकत नाही. मग उरते ते इंजिन.

साखर कारखान्यात दर चौरस सेंटिमीटरला ६७ किलो दाबाच्या बॉयलरवर ज्याची सारी नोकरी झाली, त्याला पुढचे कोडे अवघड नाही. तुमचे जहाज जुन्या धाटणीचे, वाफेच्या टर्बाइनचे; त्याला दोन बॉयलर, आणि दाबही आमच्याच तोडीचा, ६० बारच्या आसपास. वेग उतरून तिथेच स्थिर राहिला, म्हणजे एक बंद करून दुसऱ्यावर काम चालले असणार. आमच्याकडे कंडेन्सेटमध्ये, म्हणजे वाफ निवून परत आलेल्या पाण्यात, साखर आली की बॉयलरचे पाणी फेसाळते. म्हणून साखर ओळखणारी अल्फा नॅफ्थॉलची चाचणी घेत राहायचे आणि परीक्षानळीत जांभळे कडे दिसले की ते पाणी सरळ गटारात सोडायचे. तुमच्याकडे साखरेच्या जागी समुद्राचे मीठ. परंतु समुद्राच्या पाण्याने वाफ निववणारा कंडेन्सर गळला असता तर दोन्ही बॉयलरांचे पाणी खारावले असते, म्हणून माझा संशय बॉयलरच्या फुटलेल्या नळीवर जास्त आहे.

वेगापेक्षा मला गॅसची चिंता अधिक होती. उणे १६२ अंशांवरचा तो द्रव कितीही आवरणे घातली तरी उकळत राहतो. जुन्या टँकरमध्ये दिवसाला सुमारे ०.१५ टक्के, म्हणजे १,३८,००० घनमीटरच्या जहाजात दोनशे घनमीटरच्या वर. एरवी तो वायू तुम्ही बॉयलरमध्येच जाळता. उरलेल्या बॉयलरात तो जाळून जादा वाफ कंडेन्सरमध्ये सोडता येत असेल, तर टाक्यांचा दाब आटोक्यात राहील. तसेच चालले आहे ना, एवढे कळव.

धीर आला तो एका साध्या रकान्यामुळे. एआयएसमध्ये ठिकाण आणि वेग यंत्र आपोआप पाठवते, पण जहाजाची स्थिती, पुढचे बंदर आणि पोचण्याची वेळ ब्रिजवरचा अधिकारी हाताने भरतो. तुमची गुजरातमधल्या दहेज बंदराची वेळ आठवडाभराहून अधिक पुढे ढकललेली दिसली, आणि उरलेल्या अंतराशी ताडून पाहिली तर ती नऊ नॉटच्या हिशेबाला बरोबर जुळत होती. कप्तान आणि चीफ इंजिनिअर यांनी विचार करून हा वेग ठरवला आहे, हे त्यावरून कळले. स्थितीही 'नॉट अंडर कमांड', म्हणजे जहाज ताब्यात नाही, अशी नव्हती. नाहीतर दिवसा दोन काळे गोळे आणि रात्री दोन तांबडे दिवे चढवावे लागले असते. २००८ साली केप कॉडजवळ 'कातालुन्या स्पिरिट' हा भरलेला टँकर वीज आणि इंजिन दोन्ही गमावून तरंगत राहिला होता. टगबोटी धावल्या आणि गॅस गळला नाही, पण तुमच्यावर ती पाळी आलेली नाही हे बरे.

पुढे खंभातच्या आखाताच्या तोंडाशी भरतीसाठी थांबलात, तर ठिपका का थांबला हे आईला मी आधीच समजावून ठेवले आहे.

नळी प्लग करायला आत उतरण्याचे काम थर्ड इंजिनिअर म्हणून तुझ्याकडे येईल. भट्टी आणि ड्रम पुरते निवून आतल्या हवेची तपासणी झाल्याखेरीज आत शिरू नकोस, वरून कितीही घाई होत असली तरी. शेजारचा बॉयलर चालू आहे, तेव्हा बंद बॉयलरचा वाफेचा मेन स्टीम व्हॉल्व्ह आणि पाणी पुरवणारा फीडचा व्हॉल्व्ह कुलूपबंद असल्याचे दुसऱ्याच्या तोंडून ऐकून घेऊ नकोस, स्वतः हात लावून पाहा. नळी कोणत्या ओळीतली निघाली आणि हायड्रोलिक टेस्ट किती दाबावर घेतली, ते सवडीने लिही.

तुझे आप्पा