गायरानाला पावसाळ्यात उसंत हवी

माननीय संपादक,

मे महिना आला की चाराटंचाईच्या बातम्या छापून येतात आणि चारा छावण्यांची मागणी सुरू होते. परंतु नागपूर जिल्ह्यातील गायरानांवरचे गवत बिघडते ते मृगाच्या सरी पडल्यानंतरच्या पाच-सहा आठवड्यांत, याकडे ग्रामपंचायतींचे लक्ष वेधावेसे वाटते. पवना आणि मारवेल या चाऱ्याच्या गवतांचे ठोंब आधीच्या हंगामात मुळांशी साठवलेल्या अन्नावर नवे पान काढतात. ते बोटभर होते न होते तोच, घरचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) संपलेली जनावरे आखरावरून (गुरे जमवण्याच्या जागेवरून) थेट तिथे वळवली जातात. पान वारंवार खुडले गेल्याने मुळे आखडतात, ठोंब मरतो आणि त्या जागी तरोटा व गाजरगवत माजते. श्रावणात रस्त्यावरून हिरवेगार दिसणारे माळ जवळ जाऊन पाहावेत. पुष्कळदा ती हिरवळ तरोट्याची असते आणि त्याला गाय तोंड लावत नाही.

गायरानाचे चार भाग पाडून एक भाग दिवाळीपर्यंत बंद ठेवावा, उरलेले तीन गवत वीतभर झाल्यावर आळीपाळीने चारावेत आणि दरवर्षी बंद भाग बदलावा. बंद भागातील गवत फुलोऱ्यात येताच कापून वाळवावे, मधले काही पट्टे मात्र बी पडण्यासाठी उभे राहू द्यावेत. कुसळी गवताच्या बाबतीत उशीर चालत नाही, कारण कुसळे धरली की ती जनावरांच्या तोंडात रुततात.

खरी अडचण आषाढात जनावरांना काय घालायचे, ही आहे. ज्वारीचा पेरा घटला तसा कडबा गेला, हार्वेस्टरने काढलेल्या सोयाबीनचे कुटार शेतातच विखुरते, आणि धुऱ्यांवरचे (बांधांवरचे) गवत आपण तणनाशकाने जाळतो (पुन्हा चारा महाग म्हणून ओरडतोही आपणच). विहिरीचे पाणी असलेल्यांनी उन्हाळ्यात मका-चवळी घेतल्यास निदान त्यांची जनावरे तेवढे दिवस गायरानाबाहेर राहतील. चाऱ्याची ज्वारी पेरल्यास ती फुलोऱ्याआधी घालू नये. पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीने जनावरे दगावतात.

गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच दिले आहेत. परंतु मोकळ्या झालेल्या जमिनीवर चराईचा नियम नसेल, तर तिथे गवत टिकणार नाही. नागपुरातच पशुविज्ञान विद्यापीठ आहे. त्याने प्रत्येक तालुक्यात निदान एका गायरानावर हा प्रयोग करून दाखवावा. ग्रामपंचायतींनी बंद भागाच्या राखणीसाठी गावच्या गायक्यालाच (गुराख्यालाच) मानधन द्यावे आणि तसा ठराव १ मेच्या ग्रामसभेत घ्यावा, कारण १५ ऑगस्टच्या सभेपर्यंत गवत चरून झालेले असते.

आपला,
एक पशुपालक,
हिंगणा तालुका, जि. नागपूर