मंत्रिमहोदय, नदीकाठी ट्रॅक नको, रविवारची पहाट द्या

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

कर्जतच्या पुढे नदीच्या कडेकडेने कड्याखालच्या पाड्यापर्यंत जाणारा १४ किलोमीटरचा रस्ता दर रविवारी पहाटे ५ ते १० मोटारींना बंद ठेवू, असा शब्द आपण दिवाळीआधीच्या बैठकीत दिला होता. बैठकीला सरपंच होते, पोलीस पाटील होते, परळपासून बदलापूरपर्यंतचे आम्ही सायकलवाले होतो. कुणाचीही हरकत नव्हती. गेल्या आठवड्यात फाट्यावर फलक लागला. त्यात वाहनबंदीचा एक शब्द नाही. ‘सायकल ट्रॅक व नदीकाठ सुशोभीकरण’ मंजूर झाल्याचं लिहिलं आहे, आणि काठावरच्या करंजांवर, उंबरांवर पांढऱ्या रंगाने आकडे टाकले आहेत. शेवटच्या झाडावर ६३ आहे.

रस्त्याचं आणि नदीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव छापून आलं की पुढच्याच शनिवारी तिथे गाड्यांची रांग लागते. आपल्याला रस्ता ठाऊक आहे.

आम्ही ट्रॅक मागितलाच नव्हता. पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक रोड सायकलला का चालत नाही, हे आपल्या अभियंत्यांनी एकदा समजून घ्यावं. रोड सायकलचा टायर २५ किंवा २८ मिलिमीटर रुंद असतो. ७० किलोच्या माणसासाठी त्यात ८० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं माप) आसपास हवा असते. असा टणक टायर प्रत्येक ब्लॉकच्या कडेवर आपटतो, तळहाताला मुंग्या येतात, पाण्याची बाटली स्टँडमधून उडून पडते. हे ट्रॅक नवा असताना. पहिल्या मोठ्या पावसात नदी काठावर चढते, ब्लॉकखालची कच वाहून जाते, एक ब्लॉक खाली बसतो, शेजारचा वर राहतो. मध्ये दोन सेंटिमीटरची पायरी झाली की ट्यूब रिम (चाकाची धातूची कड) आणि त्या पायरीच्या मध्ये चेपते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. वरून रंग मारलेला असेल तर ओल्या सकाळी वळणावर पुढचं चाक निसटतं, आणि एकदा पुढचं चाक निसटलं की सावरायला वेळच मिळत नाही, खांदा आधी जमिनीवर जातो. फलकावर रुंदी दीड मीटर दिली आहे. समोरासमोर येणाऱ्या दोन सायकलींना किमान दोन मीटर लागतात. कडेला रेलिंग असेल तर हँडल अडकू नये म्हणून आणखी अर्धा मीटर.

आज तिथे असलेला डांबरी रस्ता साडेपाच मीटर रुंद आहे. नदीच्या उताराने जात असल्यामुळे चढ बहुतेक ठिकाणी शेकडा एक-दोनच्या वर जात नाही. घाट न चढता थेट सह्याद्रीच्या कड्याखाली नेणारे असे रस्ते मुंबईजवळ किती उरलेत? शाळकरी मूल, साठीतली बाई, भाड्याची सायकल घेतलेला नवखा, कुणीही हा रस्ता पार करू शकतं. त्या रस्त्यात उणीव एकच आहे: मोटारी.

मोटारी पाच तास बाहेर ठेवायला काय लागतं तेही लिहून दिलं होतं. फायलीत असेल, तरी पुन्हा लिहितो. दोन्ही टोकांना लोखंडी खांब, दोन खांबांत १.२ मीटर अंतर, मधले खांब कुलपाचे आणि काढता येणारे. रिक्षा साधारण १.३ मीटर रुंद असते आणि लहानात लहान मोटार दीड मीटरच्या आसपास, म्हणजे दोन्ही अडतात. अंतर याहून कमी ठेवलं तर गावातली हातगाडी अडकते. मोटारसायकल मात्र १.२ मीटरमधून सहज जाते, म्हणून नुसते खांब रोवून भागत नाही, प्रत्येक टोकाला दोन माणसं हवीत. कुलपाच्या किल्ल्या तीन ठिकाणी: पोलीस पाटील, ग्रामपंचायत आणि आरोग्य केंद्र, म्हणजे रुग्णवाहिका खोळंबत नाही. कोकणातल्या पावसात कुलूप एका महिन्यात गंजतं. आत ग्रीस आणि वर जुन्या ट्यूबचा तुकडा बांधला की टिकतं. दूध-भाजीच्या गाड्यांना ग्रामपंचायतीचा पास द्यावा. एसटी बंद करू नये, ताशी २० च्या वेगाने तिला येऊ द्यावं. गावाची गैरसोय करून आम्हाला रस्ता नको आहे.

अशी बंदी फसते ती आतल्या गाड्यांमुळे. पाहुणे शनिवारी रात्री रिसॉर्टवर येतात आणि रविवारी आठ वाजता निघतात. अडसर बाहेरच्यांना थांबवतो, या गाड्या आधीपासूनच आत असतात. म्हणून १० च्या आत गाडी बाहेर काढता येणार नाही, हे खोली देतानाच लेखी कळवणं सक्तीचं हवं. ही अट आम्ही बैठकीत तीनदा मांडली.

वेळेबद्दलही. बंदी फक्त ७ वाजेपर्यंत ठेवण्याचा विचार होता, असं आता कानावर येतं. कर्जत मुंबईपासून रेल्वेने १०० किलोमीटर. पहाटेची लोकल धरून, लगेजच्या डब्यात सायकल उभी करून यायला दोन तास जातात. सातला संपणारी बंदी मुंबईकराच्या काहीच उपयोगाची नाही. दहापर्यंत का, त्याला वाऱ्याचंही कारण आहे. पहाटे खोऱ्यात डोंगराकडून खाली येणारा मंद वारा असतो. ऊन तापलं की समुद्राकडून पश्चिमेचा वारा सुटतो आणि परतीच्या वाटेवर तोच तोंडावर येतो. नवखा माणूस तिथेच थकतो, डावीउजवीकडे झोले खाऊ लागतो, आणि नेमकी त्याच वेळी फाट्याकडून सहलीची वाहतूक सुरू होते.

सिमेंटवर खर्च करायचा पैसा देखभालीवर लावा. रस्त्यावर दोन फरशी पूल आहेत. श्रावणापर्यंत त्यांच्यावर शेवाळाचा थर बसतो. तारेचा ब्रश आणि ब्लीचिंग पावडर, महिन्यातून दोनदा, एवढं पुरतं. पृष्ठभागावर आडव्या खाचा मारल्या तर आणखी चांगलं. गटारावरच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याला समांतर आहेत, २५ मिलिमीटरचं चाक सरळ आत जातं. जाळी उचलून काटकोनात फिरवून बसवा. बाभळी छाटल्या की काटे झाडून न्या. साईडपट्टी डांबराच्या पातळीला भरा. दहा सेंटिमीटरच्या कडेवरून खाली घसरलेली सायकल तिरकी वर चढत नाही, चाक कडेला घासतं आणि माणूस रस्त्याच्या मध्यावर, मागून येणाऱ्या गाडीपुढे पडतो.

आणि डंपर. त्यांच्या फुटलेल्या टायरमधल्या केसाएवढ्या पोलादी तारा रस्त्याच्या कडेला साचतात. तार टायरमध्ये रुतली की डोळ्याला दिसत नाही. टायर उलटा करून आतून कापसाचा बोळा फिरवायचा, जिथे कापूस अडकतो तिथे तार. ती चिमट्याने उपटली नाही तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते. एका रविवारी एका गटाच्या सात-सात ट्यूब गेलेल्या आहेत. ओव्हरलोड डंपर वळणावर खडी सांडतात ती वेगळीच. हे डंपर कुणाचे, ते रविवारी पहाटेही का धावतात आणि आमच्या पाच तासांना नेमकी कुणाची हरकत आली, हे आम्ही जाहीरपणे विचारतो आहोत.

मुंबईत हेच चालत आलंय. वांद्रे-कुर्ला संकुलात सायकल ट्रॅक बांधला. त्यावर दुचाकी, रिक्षा उभ्या राहिल्या, कुणी हटवल्या नाहीत. मग वापरच होत नाही म्हणून तो उखडून मोटारींना जागा द्यायचं ठरलं. पवई तलावात भराव टाकून सायकल मार्ग सुरू केला, तो २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवून जागा पूर्ववत करायला सांगितली. तलाव बिघडला आणि नाव सायकलींचं खराब झालं. आता नदीकाठच्या झाडांवर आमच्याच नावाने कुऱ्हाड चालणार, हे आम्ही सहन करणार नाही.

मोटारी बाहेर ठेवणं या राज्याला येत नाही असंही नाही. त्याच कर्जत तालुक्यात माथेरान आहे. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, लोक पुढे चालत जातात, आणि त्यावर एक अख्खं गाव पोट भरतं. आम्ही तर आठवड्याचे पाचच तास मागतोय. ऑस्ट्रियात डॅन्यूब नदीच्या काठाने घोड्यांनी नावा ओढायच्या जुन्या वाटांवरून सायकली जातात. होती तीच वाट वापरली. इथे मात्र ज्या कामात सिमेंट ओतायचं नाही, त्याची फाईल पुढे सरकत नाही.

२०२२ या एका वर्षात देशाच्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं मेली. मागास तालुक्यांत शाळेला जायला मुलींना शासनच सायकली देतं. त्या मुली डंपरच्या मागून, कडेच्या खडीवरून रोज जातात. त्यांना सायकल देणारं खातं एक, रस्ता बघणारं दुसरं, डंपर सोडणारं तिसरं. आम्ही रविवारचे पाच तास मागतो, त्यांना तर सोमवार ते शनिवार काहीच नाही. त्यांच्यासाठी बैठक कोण घेणार, मंत्रिमहोदय?

मंजुरी रद्द करा, झाडांवरचे आकडे पुसा. येत्या रविवारी पहाटे पाच वाजता आम्ही फाट्यावर असू. खांबांसाठी खड्डे कुठे खणायचे, ते पोलीस पाटलांनी चुन्याने आखून ठेवले आहेत.

आपले,
मुंबई ते कर्जत मार्गावरचे सायकलस्वार