बोलू न शकणाऱ्यांसाठी तक्रारीचे दार उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन येतो. त्या आठवड्यात सगळ्याच वृत्तपत्रांत रॅम्प, लिफ्ट, रेल्वेचा डबा, नोकरीतले आरक्षण यांवर लिहून येते, आणि ते यायलाच हवे. पण ज्यांना बोलता येत नाही, किंवा समोरच्याचे बोलणे नीट उमगत नाही, त्यांच्या हक्कांवर मराठीत फार थोडे वाचायला मिळते. याचे कारण शोधायला लांब जायला नको. आपल्याकडे हक्क मिळतो तो निवेदन देऊन, मोर्चा काढून, साहेबांच्या केबिनमध्ये शिरून भांडून. ज्याची वाचाच गेली आहे त्याने भांडायचे कसे? म्हणून या माणसांच्या बाजूने जगभरात जे काम चालले आहे ते आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे आणि त्यातली एक मागणी, हक्क डावलला गेला तर संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार करता यावी ही, आपण महाराष्ट्रातून लावून धरावी, यासाठी हे पत्र.

माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यानंतर वाचाघात झाला. हे दुखणे जवळून न पाहिलेल्या माणसाला समजावून सांगणे कठीण असते. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला की पुष्कळदा उजवा हातपाय लुळा पडतो आणि त्याबरोबर भाषाही हातची जाते. बुद्धी जात नाही. अण्णा आजही तेराचा पाढा घडाघडा म्हणतात, आरतीत सूर लावतात, आणि मला हाक मारायला गेले की तोंडातून भलताच शब्द येतो. ‘हो’ म्हणायचे असते, ‘नाही’ बाहेर पडते. मग स्वतःवरच चिडून जोरजोरात मान हलवतात. पाठ असलेले बोल आणि मनातले सांगण्यासाठी जुळवावे लागणारे बोल मेंदूत एकाच वाटेने येत नाहीत, असे आमच्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी समजावले. पासबुक पुढे ठेवले तर अण्णा चुकीच्या आकड्यावर नेमके बोट ठेवतात.

त्यांच्या पेन्शनच्या कामासाठी आम्ही बँकेत गेलो होतो. डाव्या हाताची सही जुन्या सहीशी जुळेना, ही अडचण मी समजू शकते. पण अधिकाऱ्यांनी अण्णांकडे पाहिलेसुद्धा नाही. “यांना कळतं का?” हा प्रश्न मला विचारला. मी म्हटले, “त्यांनाच विचारा. फक्त हो-नाहीत उत्तर येईल असं विचारा आणि जरा थांबा.” घरून आम्ही एक पुठ्ठा नेला होता. त्यावर एकीकडे हिरवी बरोबरची खूण, दुसरीकडे लाल फुली. अण्णा बोट ठेवून उत्तर देतात. “ताई, मागे रांग आहे,” असे म्हणून त्यांनी पालकत्वाचा कागद आणायला सांगितले. आयुष्यभर घरातला पै-पैचा हिशोब ज्यांनी ठेवला, त्यांना आता पालक नेमायचा!

कायदा असे सांगत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ डिसेंबर २००६ रोजी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार संमत केला. त्याच्या दुसऱ्याच कलमात संवादाची व्याख्या आहे आणि ती मुद्दाम ऐसपैस ठेवली आहे. खुणांची भाषा, ब्रेल, स्पर्श, मोठी अक्षरे, सोपी भाषा, बोलण्याला पूरक किंवा पर्यायी ठरणारी साधने, हे सगळे त्यात येते. म्हणजे अण्णांचा पुठ्ठाही. एकविसावे कलम सांगते की सरकारी कामात माणसाने स्वतः निवडलेली संवादाची रीत स्वीकारली गेली पाहिजे. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी या कराराला मान्यता दिली. त्याला अनुसरून २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला, त्याने मान्यताप्राप्त दिव्यांगत्वांची संख्या २१ वर नेली आणि ‘वाचा व भाषा दिव्यांगत्व’ त्यात नावानिशी घातले; वाचाघाताचा उल्लेख तर व्याख्येतच आहे. त्याच कायद्याचे तेरावे कलम स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतःच्या ताब्यात ठेवण्याचा हक्क देते. काउंटरवर यातले काहीच पोहोचलेले नाही.

ही व्याख्या इतकी व्यापक झाली त्यामागे अनेक वर्षांचा पाठपुरावा आहे. वाचा-भाषा तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना १९२४ मध्ये व्हिएन्नात स्थापन झाली. पूरक आणि पर्यायी संवादाची आंतरराष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, आणि तिथे चित्रफलक (ज्यावरच्या चित्रांवर बोट ठेवून सांगता येते असे फलक) व यंत्रे वापरून बोलणारी माणसे तज्ज्ञांच्या बरोबरीने सभासद असतात. करारानंतरही हे काम चालू राहिले. २०१४ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड इथल्या व्यावसायिक संघटनांनी एकत्र येऊन संवाद हा मूलभूत मानवी हक्क असल्याचा जाहीरनामा काढला आणि त्यावर सह्या गोळा केल्या. जाहीरनाम्याने एकदम काही बदलत नाही हे मलाही कळते. पण ऑस्ट्रेलियात २०११ पासून दुकाने आणि कार्यालयांसाठी ‘इथे संवादाची सोय आहे’ असे सांगणारे एक चिन्ह आहे. कर्मचाऱ्यांनी प्रशिक्षण घेतले, थांबून ऐकण्याची आणि फलक वापरण्याची तयारी दाखवली, तरच ते दारावर लावता येते. ब्रिटननेही २०२० मध्ये असेच चिन्ह आणले. चाकाच्या खुर्चीला जसा रॅम्प, तसा बोलू न शकणाऱ्याला थोडा जास्त वेळ. तो द्यायला बांधकाम काढावे लागत नाही.

वेळेचे महत्त्व किती, ते वाचा गेलेले शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांच्या उदाहरणावरून कळते. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांच्या २०११ च्या दिव्यांगत्व अहवालाची प्रस्तावना त्यांची आहे. त्या काळात गालाच्या स्नायूच्या हालचालीवर चालणाऱ्या यंत्राने ते मिनिटाला जेमतेम एक-दोन शब्द जुळवू शकत. आपण सहज बोलतो तेव्हा मिनिटाला शंभराहून जास्त शब्द जातात. हॉकिंगसाठी जग थांबले. सभेत प्रत्येक वक्त्याला तीन मिनिटे असा नियम लावला, तर यंत्राने बोलणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या वाट्याला एखादे अपुरे वाक्यच येईल. हक्कांच्या परिषदांमध्येही या माणसांचा आवाज कमी पडतो तो यामुळेच.

याहून गंभीर गोष्ट न्यायालयाची आहे. चित्रफलकावर साधारणपणे पाणी, जेवण, औषध, शौचालय, आई-बाबा अशी चित्रे असतात. ‘मारलं’, ‘नको तिथे हात लावला’, ‘कोणी’, ‘कधी’ हे शब्द नसतात. फलक मोठी माणसे बनवतात आणि असे काही घडेल हा विचार त्यांना सहन होत नाही. मग मुलीवर अत्याचार झाला तरी सांगायला तिच्या बोटाखाली शब्दच नसतो, आणि अत्याचार करणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया विद्यापीठाच्या पर्यायी संवाद केंद्राने नेमक्या याच प्रश्नावर काम केले आहे. पीडितेला घडलेले सांगता यावे यासाठी कोणते शब्द आणि चित्रे लागतील, पोलीस आणि न्यायालयाने कसे वागावे, हे त्यांनी खोलात जाऊन अभ्यासले. आपल्याकडे कायदा मागे नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १२५ नुसार तोंडाने सांगू न शकणाऱ्या साक्षीदारासाठी न्यायालयाने दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यायची आहे आणि त्या जबाबाचे चित्रीकरण करायचे आहे. पण साक्षीदाराच्या फलकावर शब्दच नसेल तर विशेष शिक्षक तरी काय करणार? प्रत्येक विशेष शाळेने आपल्या फलकात हे शब्द आजच घालावेत, एवढी विनंती मी या पत्रातून करते. पवईच्या आयआयटीत तयार झालेले ‘जेलो’सारखे चित्र-संवादाचे ॲप आपल्याकडे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या ५० अत्यावश्यक सहायक साधनांच्या यादीतही संवाद फलक आणि संवादाचे सॉफ्टवेअर आहे.

आता माझी मुख्य मागणी. वर सांगितलेल्या कराराला एक ऐच्छिक पूरक करार (ऑप्शनल प्रोटोकॉल) जोडलेला आहे. जो देश तो स्वीकारतो, तिथल्या माणसाला देशातले उपाय संपल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या समितीकडे थेट तक्रार करता येते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या दोन कर्णबधिर नागरिकांना ज्युरीवर बसायला बोलावणे आले होते. एकीने खुणांच्या भाषेचा दुभाषी मागितला, दुसऱ्याने बोललेले लगेच लिहून दाखवण्याची सोय मागितली. दोघांनाही नकार मिळाला. ते समितीकडे गेले आणि २०१६ मध्ये समितीने सांगितले की ऑस्ट्रेलियाने करार मोडला आहे. शंभराहून अधिक देशांनी हा पूरक करार स्वीकारला आहे. आपल्या शेजारचे बांगलादेश आणि नेपाळही त्यात आहेत. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. आपण मूळ करार मान्य केला, तो मोडला जातो तेव्हा दाद मागायचे हे दार मात्र आपल्या माणसांना बंद ठेवले.

यावर आक्षेप येईल की आधी देशातला कायदा पाळा, जिनिव्हाच्या गोष्टी नंतर. माझे म्हणणे असे की देशातला कायदा पाळला जावा म्हणूनच हे हवे. समितीकडे जाण्याआधी इथली आयुक्तालये आणि न्यायालये यांचे उंबरठे झिजवावेच लागतात. ती अटच आहे. समिती दंड करत नाही, तुरुंगात टाकत नाही. ती निष्कर्ष जाहीर करते आणि सरकारला उत्तर द्यावे लागते. आज अण्णांसारख्यांना उत्तर देण्याची गरज कुणालाच वाटत नाही.

जनगणनेबद्दलही थोडे. २०११ च्या जनगणनेत सुमारे वीस लाख लोकांची नोंद वाचादोषाखाली झाली. तिथे प्रश्न बोलण्यापुरता होता. आंतरराष्ट्रीय पातळीवर दिव्यांगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या वॉशिंग्टन गटाने तयार केलेला प्रश्न वेगळा आहे: आपल्या नेहमीच्या भाषेत दुसऱ्याचे समजून घ्यायला किंवा आपले समजावून द्यायला अडचण येते का? वाचाघात झालेली काही माणसे भराभर बोलतात, पण त्यांना समोरच्याचे उमगत नाही. ती जुन्या प्रश्नात सापडतच नाहीत. नव्या जनगणनेत हा प्रश्न असावा.

महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे, वांद्र्याला श्रवण व वाचा दिव्यांगांची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. ऐच्छिक पूरक करार का स्वीकारला जात नाही, हा प्रश्न आपल्या खासदारांनी संसदेत विचारावा आणि या विभागाने केंद्राला तसे लेखी कळवावे.

एक विनंती आपल्या दैनिकालाही. यंदाच्या ३ डिसेंबरला चित्रफलक किंवा यंत्र वापरून बोलणाऱ्या एखाद्या व्यक्तीची मुलाखत छापा. प्रश्न आठवडाभर आधी पाठवा, उत्तरे तिला तिच्या वेगाने जुळवू द्या आणि ती तिच्याच शब्दांत छापा, घरच्यांच्या नव्हे.

आपली,
एक वाचक, सांगली