निकाल लागला, तरी खटले का?

भरतीच्या वेळी जवानाची डोक्यापासून पायापर्यंत वैद्यकीय तपासणी होते. तेव्हा नोंद नसलेल्या आजारामुळे पुढे त्याला सेवा सोडावी लागली, तर तो आजार सामान्यतः सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे आणि संशयाचा फायदा जवानाला द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात स्पष्ट केले. तरीही सेवेमुळे आजारी किंवा जायबंदी झालेल्या जवानाला मिळणाऱ्या अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या अर्जांवर ‘सेवेशी संबंध नाही’ एवढाच शेरा मारून हात झटकले जातात. मग सैनिकांच्या सेवेविषयीचे वाद ऐकणाऱ्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाची पायरी चढा. तिथे जिंकले, तरी सरकार वरच्या न्यायालयात जाते! अशी अपिले थांबवा, असे संरक्षण मंत्रालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेच २०१५ मध्ये सुचवले होते. खोटे दावे जरूर पकडावेत. पण त्यापायी खऱ्या आजाऱ्याला वकील शोधायला लावू नये. लष्करी अधिकाऱ्याला ते एकवेळ जमते तरी. खेड्यात परतलेल्या शिपायाने किंवा त्याच्या विधवेने नियमांचे पुस्तक कुठून आणायचे? आजार सेवेमुळे झाला का, हे तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळाने नकाराची कारणे अर्जदाराला कळेल अशा भाषेत लिहून द्यावीत आणि निकालानंतर ठरावीक मुदतीत थकबाकी खात्यात जमा व्हावी.