ग्रंथपाल बाईंना आभाराचे अनावृत पत्र

पणजी

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

कामावरचे कागद कमी वेळात आणि पक्के समजून कसे वाचावेत, यावरचा तुमचा सहा आठवड्यांचा वर्ग पूर्ण झाला. नुसते 'धन्यवाद' म्हणून हा विषय मिटवणे बरे वाटत नाही. तुम्ही दिलेली रीत रोजच्या कामाची आहे आणि ती दुसऱ्या कचेऱ्यांतही पोहोचायला हवी. म्हणून हे आभार उघडपणे आणि तपशिलासह लिहीत आहोत, म्हणजे ज्याला हवे त्याला या पत्रावरूनच सुरुवात करता येईल.

सगळ्यात आधी आभार घड्याळाबद्दल. वेग मोजायला शिकवताना तुम्ही समज मोजणे त्याला कायमचे बांधून टाकलेत. न वाचलेला मजकूर घ्यायचा, तीन मिनिटे नेहमीसारखा वाचायचा, थांबलेल्या जागी पेन्सिलीची खूण करायची. कोणत्याही दहा ओळींतले शब्द मोजून दहाने भागले की ओळीची सरासरी मिळते; तिला वाचलेल्या ओळींनी गुणून तिनाने भागायचे. इथपर्यंत कोणीही सांगते. पण तो आकडा तुम्ही लगेच वहीत लिहू दिला नाहीत. आधी कागद पालथा घालायचा, शेजाऱ्याने काढलेल्या दहा प्रश्नांची उत्तरे द्यायची आणि त्यांतली सात बरोबर आली तरच वेग मांडायचा. प्रश्न काढण्याचीही शिस्त लावलीत: चार प्रश्न आकडे, तारखा, नावे यांवर, तीन 'कोणी काय करायचे' यावर आणि तीन अटींवर. सगळे प्रश्न तारखांचेच काढले, तर वाचणारा पुढच्या खेपेला तारखाच हुडकत जातो आणि मजकूर तसाच राहतो.

मराठीचा आणि इंग्रजीचा आकडा वेगवेगळ्या पानांवर लिहायला लावलात, त्याचे कारणही पटले. 'कार्यालयाच्या परवानगीशिवाय' हे आपले दोन शब्द. इंग्रजीत तेवढ्याच अर्थाला सहा लागतात. आपल्याकडे विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे मिनिटाला कमी शब्द वाचणारा मराठी वाचक संथ ठरत नाही. मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून मोठ्यांच्या मूकवाचनाची सरासरी काढली, ती मिनिटाला सुमारे २३८ शब्द. पण ती इंग्रजीतल्या माहितीपर मजकुराची. ती मराठी अर्जाला लावून कोणी स्वतःला कमी समजू नये.

मग तुम्ही डोळ्यांकडे वळलात, आणि इथे तुमचे आभार मानावेत तेवढे थोडे. वेगवाचनाच्या नावाखाली बाजारात जे विकले जाते त्याला तुम्ही हातही लावला नाहीत. नजर ओळीवरून सरकत जात नाही, ती उड्या मारते आणि प्रत्येक मुक्कामी सेकंदाचा साधारण चौथा भाग थांबते. इंग्रजी वाचताना त्या मुक्कामी उजवीकडची चौदा-पंधरा अक्षरे आणि डावीकडची तीन-चार एवढाच टापू उपयोगी पडतो. तेव्हा पानाच्या मधोमध बघून अख्खी ओळ टिपण्याचा दावा डोळ्याच्या घडणीतच बसत नाही. वाचतानाच्या नजरेचे अभ्यासक कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्याचा निष्कर्षही हाच होता की वेग फार वाढवला की समज घटते, आणि खरी वाढ हवी तर भाषेवरची पकड वाढवावी लागते. एकेक शब्द पडद्यावर झळकवणारी ॲप्स तुम्ही बाजूला ठेवायला सांगितलीत, कारण त्यांत मागे वळायची सोयच उरत नाही.

मागे वळण्याचे दोन प्रकार तुम्ही वेगळे करून दाखवलेत, ते फार मोलाचे. चांगल्या वाचकाच्या नजरेच्याही दहा-पंधरा टक्के उड्या मागे जातात. त्यांतल्या काही अर्थ लागला नाही म्हणून, काही नुसत्या सवयीने. सवयीवर उपाय म्हणजे जाड कागदाची पट्टी. ती ओळीखाली न धरता वाचून झालेल्या ओळींवर धरायची आणि खाली सरकवत न्यायची. परिपत्रक, कार्यवृत्त, बातमी अशा सरळ मजकुरावर रोज दहा मिनिटे पट्टी. करारनामा, नियम, निवाडा हातात आला की पट्टी खणात. तिथे मागे जाणे हेच वाचन असते.

पेनचेही तसेच. पेन ओळीखालून सोयीच्या वेगापेक्षा किंचित पुढे न्यायचा, पाच मिनिटे, आणि लगेच पाच प्रश्न. चूक होते ती अशी की दोन दिवसांनी नजर शब्द सोडून पेनच्या टोकाला चिकटते. वेगाचा आकडा वर जातो आणि उत्तरे ढासळतात. असे झाले की पेन हळू करत बसू नये, तीन दिवस बाजूला ठेवावा, हा तुमचा सल्ला लागू पडतो.

मनातल्या मनात उच्चार करणे बंद करा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही ते सांगितले नाहीत, आणि मराठीसाठी तर ते घातकच ठरले असते. आपले क्रियापद शेवटी येते, नकारही शेवटी येतो. तुम्ही फळ्यावर लिहिलेले वाक्य इथे जसेच्या तसे देतो: 'अर्जदाराने विहित मुदतीत शुल्क भरल्यास व आवश्यक दाखले सादर केल्यास परवान्याचे नूतनीकरण करण्यास या कार्यालयाची हरकत असणार नाही.' घाईची नजर 'हरकत' या शब्दावर उठली की मंजुरीची नामंजुरी होते. वाक्य संपेपर्यंत त्याचा पहिला भाग धरून ठेवायचे काम आतला आवाजच करतो. म्हणून मराठी कागद चाळताना वाक्याचा शेवट आधी बघायचा: 'करावे', 'करता येईल', 'करू नये', 'हरकत नाही'. मग कर्ता, मग अटी. इंग्रजीत उलटे. तिथे क्रियापद लवकर भेटते, पण 'शॅल' म्हणजे बंधन आणि 'मे' म्हणजे मुभा हे डोळ्यांतून निसटते, आणि 'प्रोव्हायडेड दॅट'पासून पुढे अपवाद सुरू होतो. मराठीत तेच काम 'परंतु', 'तथापि', 'खेरीज', 'वगळून', 'अधीन राहून' करतात. या शब्दांपाशी वेग निम्मा करायचा. बाकी पानावर कितीही पळा.

गोव्यातल्या टेबलावर हे सगळे एकाच सकाळी येते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय कामासाठी वापराची मुभा राहिली. फायली बहुतेक इंग्रजीत, अर्ज मराठीत किंवा कोकणीत, आणि जमिनीच्या प्रकरणात खालून एखादा पोर्तुगीज कागद निघतो. त्या शेवटच्या कागदावर वेग आजमावू नका, भाषांतराला पाठवा, एवढ्या एका वाक्यात तुम्ही तो विषय संपवलात. बरोबरच केलेत.

या गठ्ठ्यासाठी तुमचे चार प्रश्न आता आवक शाखेच्या भिंतीवर आहेत. हा कागद आमच्याकडून काय मागतो? कधीपर्यंत? पैसे किंवा परिमाण किती? निर्णय कोणाचा? वाचण्याआधी अर्धा मिनिट विषय, संदर्भ, शेवटचा परिच्छेद आणि 'प्रत रवाना' बघायचे. साध्या पत्रात चारांपैकी तीन उत्तरे तिथेच हाती लागतात. माहिती अधिकाराचा अर्ज आला तर पहिली नजर आवक शिक्क्याच्या तारखेवर, कारण तीस दिवस अर्ज मिळाल्यापासून धावतात. प्रकरण जीविताचे वा स्वातंत्र्याचे असेल तर अठ्ठेचाळीस तास. दुसऱ्या फेरीत मागितलेल्या बाबींना समासात क्रमांक द्यायचे. एकाच वाक्यात 'व' घालून दोन बाबी मागितलेल्या असतात आणि उत्तर एकीचेच जाते. वेळ कमी आणि समज पक्की, ती अशा क्रमांकांमुळे.

चाळीस पानांच्या अहवालाला पहिल्या चाळणीत दहा मिनिटांपेक्षा जास्त द्यायची नाहीत: अनुक्रमणिका, शिफारशी, तक्त्यांचे मथळे, मग प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य. त्यानंतर कोणती सात-आठ पाने नीट वाचायची ते ठरते. वेळ खरा वाचतो तो उरलेली पाने जाणूनबुजून सोडल्यामुळे. पण सोडलेल्या पानांचे क्रमांक टिपणात लिहायचे, ही तुमची अट आम्हाला सर्वांत प्रामाणिक वाटली. 'अहवाल वाचला' असे लिहून मोकळे होणाऱ्याला पुढे कोणी पान एकतिसाबद्दल विचारले, तर उत्तर नसते.

शब्दांची वही हे वरकरणी वेगाशी न जुळणारे काम. मुंडकार आणि कूळ यांतला फरक ज्याला ठाऊक आहे, म्हणजे एक भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणारा आणि दुसरा जमीन कसणारा, तो अशा अर्जावर अडखळत नाही. कोमुनिदाद (गावच्या सामायिक जमिनीची संस्था), आल्वारा (पोर्तुगीज काळातला जमीन दिल्याचा दाखला), सनद, एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कनोंदीचा), ज्याच्या-त्याच्या शाखेतले असे साठ-सत्तर शब्द पक्के झाले की तोच कागद कमी थांब्यांत संपतो. दिवसाला तीन शब्द, प्रत्येकासमोर स्वतःच्या भाषेतली एक ओळ आणि तो शब्द असलेले खऱ्या फायलीतले एक वाक्य. नुसता अर्थ लिहिला तर चार दिवसांत विसरतो. वाक्यासकट लिहिला तर पुढच्या फायलीत ओळखीचा माणूस दिसावा तसा दिसतो.

संगणकावरच्या शोधाबद्दलची तुमची सूचना तर कोणत्याच पुस्तकी सल्ल्यात दिसत नाही. मराठीत शब्दाचे रूप बदलते. 'तारीख' शोधली तर 'तारखेपर्यंत' सापडत नाही. दोन्हींत असलेले 'तार' टाकावे लागते. 'रस्ता' शोधला तर 'रस्त्याच्या' निसटतो, म्हणून 'रस्त' एवढेच. आकडे देवनागरीत १५ आणि इंग्रजी अंकांत 15, अशा दोन्ही तऱ्हेने शोधायचे. स्कॅन केलेल्या पानांवर, किंवा युनिकोड (सगळ्या संगणकांवर अक्षरे सारखी ओळखणारी पद्धत) येण्यापूर्वीच्या फॉन्टमधल्या फाइलवर, शोध 'सापडले नाही' म्हणतो. त्याचा अर्थ मजकुरात तो शब्द नाही असा मुळीच नव्हे. आधी ठाऊक असलेला एखादा शब्द टाकून शोध चालतो का ते तपासायचे.

आणि चाळिशी! पंचेचाळिशीच्या माणसाचा वेग मंदावला तर त्याला व्यायाम देण्याआधी डोळे तपासून यायला सांगा, असे तुम्ही ठामपणे सांगितलेत. जवळचे अंधुक दिसत असताना वेगाचा सराव म्हणजे डोकेदुखीचा सराव. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून, अक्षर पडद्यावर मोठे, ओळ साठ-सत्तर अक्षरांपेक्षा लांब नको. पावसाळ्यातल्या काळोख्या दुपारी दिवा लावण्यात कसली कंजुषी, हे वाक्यही तुमचेच.

सरावाचा मजकूर कुठून आणायचा, हेही तुम्ही सोडवून दिलेत. पणजीतल्या पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचा, १८३२ पासूनचा वारसा असलेल्या त्या संस्थेचा रस्ता दाखवलात. आठवड्यातून एकदा तिथे वर्तमानपत्रातले दोन लेख घ्यायचे, एक ओळखीच्या विषयावरचा, एक संपूर्ण अनोळखी, आणि दोन्हींवर एकच चाचणी. दोन आकड्यांतले अंतर बघितले की वेग डोळ्यांपेक्षा आधीच्या माहितीवर किती टेकलेला असतो ते वेगळे सांगावे लागत नाही.

पट्ट्या, प्रश्नांचा कागद आणि शब्दांच्या वहीचा नमुना आवक शाखेच्या खिडकीपाशी ठेवला आहे. कोणत्याही कार्यालयातल्या माणसाने यावे, उतरवून घ्यावे. वर तुमचे नाव लिहू नका म्हणालात, तेवढे ऐकले.

देव बरें करूं, बाई.

तुमचे,
आवक-जावक, लेखा आणि आस्थापना शाखेतील वाचक