वहीत न आलेला खर्च

कोरेगाव, जि. सातारा
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

गुरुवारी फोनवर तू कंपनीच्या आरोग्य तपासणीचा अहवाल वाचून दाखवलास, एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१ आल्याचे सांगितलेस आणि लगेच हसत म्हणालीस, "बॉर्डरवर आहे बाबा, मधुमेह अजून झालेला नाही, मग आत्तापासून कशाला खर्च?" त्या वेळी मी काही बोललो नाही. तुला दुसरा कॉल आला होता, आणि खरे सांगायचे तर मलाही उत्तर धड मांडता आले नसते. बँकेत बत्तीस वर्षे हिशेब लिहिल्यामुळे माझे डोके बोलण्यापेक्षा लिहिताना बरे चालते, म्हणून हे पत्र.

परवा माळ्यावरून तात्यांच्या आजारपणाची वही काढली. तुझ्या थोरल्या चुलत्यांचा स्वभाव तुला आठवतच असेल. "कुणाचं देणं राहायला नको, तू लिहून ठेव," असे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावले होते, आणि मी २०१४ पासून ते २०१८ मध्ये जाईपर्यंत प्रत्येक रुपया लिहिला. लाल कापडी बांधणीची ती वही तू लहानपणी खेळायला घ्यायचीस तसल्याच चोपड्यांपैकी एक आहे. तिच्यात 'एस.टी., दोन तिकिटे', 'जीप ५००', 'चहा-बिस्किटे २४', 'बाहेरची औषधे' अशा नोंदी पानोपानी आहेत, आणि मंगळवार व शुक्रवार सोडून दुसरा वार क्वचितच आढळतो.

तात्यांना मधुमेह असल्याचे २००३ साली कळले. तेव्हा त्यांच्या गोळ्यांना महिन्याला साधारण दीडशे रुपये लागत. उसाचे बिल आले की गोळ्या सुरू व्हायच्या, बिल लांबले की खंड पडायचा, आणि मध्येच एखाद्या तपासणीत साखर नॉर्मल आली की "आता बरा झालो" म्हणून त्या पुन्हा बंद व्हायच्या. साखर नॉर्मल आली ती गोळीमुळे, हे त्यांना पटवण्यात मी आणि तुझ्या काकू दोघेही हरलो. मधल्या काळात कुणीतरी 'मधुमेह मुळापासून' घालवणारे चूर्ण दिले, त्याचे पैसे मात्र त्यांनी बिनतक्रार दिले. २०१४ मध्ये पायांवर सूज आली, दम लागू लागला, आणि तपासणीत दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झाल्याचे निघाले.

डायलिसिस त्यांना फुकट मिळाले, हे मी कृतज्ञतेने लिहितो. केशरी शिधापत्रिकेवर राजीव गांधी जीवनदायी योजनेत त्यांचे नाव लागले. हीच योजना २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. ती नसती तर ते चार वर्षे काढूच शकले नसते. पण वही सांगते की डायलिसिस फुकट होते आणि त्याच्या भोवतीचे सगळे विकत होते. आठवड्यातून दोनदा साताऱ्याला जायचे म्हणजे चार वर्षांत चारशेच्या वर फेऱ्या. पहिले वर्ष एस.टी.ने निभले, नंतर त्यांना उभे राहवेना म्हणून जीप ठरवली, आणि त्या तीनशे फेऱ्यांचेच दीड लाख झाले. बाहेरून आणायची औषधे, रक्ताच्या तपासण्या, मधल्या दोन भरत्या असे सगळे धरून वहीची शेवटची बेरीज ३ लाख ४० हजार रुपये आहे. त्याच्यासमोर २००३ ते २०१४ या अकरा वर्षांच्या गोळ्यांची किंमत मांडून पाहिली, तर ती वीस हजारांच्याही आत बसते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गोळ्या नियमित घेऊनही काहींची मूत्रपिंडे जातात, त्यामुळे वीस हजार खर्चले असते तर साडेतीन लाख नक्की वाचले असते असे मी म्हणणार नाही. शक्यता कितीतरी कमी झाली असती, एवढेच म्हणता येते, आणि शक्यतेला पावती मिळत नाही ही या सगळ्या व्यवहारातली खरी अडचण आहे.

वही चाळताना मला माझ्याच हिशेबातल्या दोन चुका सापडल्या. पहिली म्हणजे जर्सी गाय विकल्याचे ३२ हजार मी जमेच्या बाजूला लिहिले आहेत. बँकेच्या पद्धतीने ते बरोबरच आहे, पण त्यानंतर दुधाचे जे पैसे दर दहा दिवसांनी येत असत ते कायमचे थांबले, आणि ती नोंद कुठेच नाही. दुसरी चूक मोठी आहे. तात्यांना दर मंगळवारी आणि शुक्रवारी धरून नेण्यासाठी तुझ्या सचिनदादाने एमआयडीसीतली नोकरी सोडली. त्याला तेव्हा महिन्याला ९ हजार मिळत होते. अठ्ठेचाळीस महिन्यांचे ४ लाख ३२ हजार होतात, म्हणजे मी लिहिलेल्या सगळ्या खर्चापेक्षा जास्त, आणि वहीत त्याचा एक रुपयाही नाही, कारण जो पैसा आलाच नाही तो गेला असे लिहायचे कसे? तो आज चाळिशीला टेकला आहे आणि अजून हंगामी कामावर आहे.

आपल्या देशाचा हिशेबही काहीसा असाच लिहिला जातो. एकूण आरोग्य खर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून दिलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, असे सरकारी आरोग्य लेखे सांगतात. ही घट चांगलीच आहे आणि तात्यांसारख्यांच्या डायलिसिसचा त्यात वाटा असणारच, पण सचिनचा बुडालेला पगार त्या आकड्यांतही बसत नाही.

आता माझ्याबद्दल. हे तुला सांगायचे नव्हते, पण तात्यांच्या चुका मांडून स्वतःची झाकणे शोभत नाही. २०२२ मध्ये माझ्या साखरेसाठी आणि हृदयासाठी डॉक्टरांनी एम्पाग्लिफ्लोझिन सुरू केली. ती गोळी तेव्हा एकेक जवळपास साठ रुपयांना पडे, म्हणजे या एकाच औषधाचे महिन्याला अठराशे. तुझ्या भावाच्या शेवटच्या वर्षाची फी भरायची होती, त्या काळात सहा-सात महिने मी ती दिवसाआड घेतली. तू विचारायचीस, "गोळ्या चालू आहेत ना?" आणि मी "हो" म्हणायचो, जे अर्धे खरे होते. बत्तीस वर्षे लोकांच्या कर्जाचे हप्ते तपासलेल्या माणसाने स्वतःचा हप्ता असा चुकवावा, याची लाज वाटते. यंदा मार्चमध्ये त्या औषधाचे पेटंट संपले, अनेक कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या आणि तीच गोळी आता दहा रुपयांच्या आत मिळते. औषध तेच आणि मीही तोच, फक्त मधल्या एका कागदाची मुदत संपली. बाकीच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून आणतो. तिथे पाकिटावर नाव छोटे आणि रंग फिका असतो, म्हणून तुझ्या आईचा त्यांच्यावर अजून पुरता विश्वास बसलेला नाही.

रक्तदाबाच्या गोळ्यांचा मात्र मला काहीच खर्च नाही. सातारा हा जिल्हा भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात अगदी सुरुवातीपासून आहे. राज्यातून पहिल्या टप्प्यात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा असे चार जिल्हे घेतले होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात माझे कार्ड आहे, नर्सबाई दाब मोजतात, आकडा लिहितात आणि महिनाभराच्या गोळ्या हातात देतात. दिवाळीत एकदा मी गेलो नाही, तर "काका, गोळ्या संपल्या असतील," म्हणून फोन आला. या उपक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, पण मला त्या फोनचे अप्रूप अधिक आहे. तात्यांना असा एक फोन कुणी केला असता तर, हा विचार त्या दिवशी मनातून गेला नाही.

मग सरकार अशा कामावर आणखी पैसा का ओतत नाही, असे तू विचारशील. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये मांडले होते की गरीब व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत जुनाट आजार रोखण्याच्या निवडक उपायांवर एक डॉलर घातला तर २०३० पर्यंत सात डॉलर परत येतात. हिशेबनीस म्हणून माझा पहिला प्रश्न असा, की परत येतात ते कुणाच्या खात्यात? खर्च यंदाच्या अंदाजपत्रकात पडतो. फायदा बारा वर्षांनी कुठल्या तरी घरात, न विकलेल्या गाईच्या आणि न सोडलेल्या नोकरीच्या रूपाने दिसतो. डायलिसिस केंद्राचे उद्‌घाटन करता येते, फीत कापता येते. न लागलेल्या डायलिसिसचे उद्‌घाटन कसे करणार?

प्रतिबंध फुकट असतो, हेही कुणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नकोस. चेन्नईत तुझ्यासारख्याच, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांवर तीन वर्षे अभ्यास झाला आणि २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला दिला त्यांच्यातल्या शंभरांपैकी ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला, आणि ज्यांच्या आहार-व्यायामाचा सतत पाठपुरावा केला त्यांच्यात हे प्रमाण ३९ होते. पुढच्याच वर्षी त्याच गटाने याचा खर्चही मांडला. एकाचा मधुमेह टाळण्यासाठी सहा-सात जणांवर मेहनत घ्यावी लागली आणि टाळलेल्या एका मधुमेहामागे ४७,३४१ रुपये पडले. त्या सहा-सात जणांत टळला तो कुणाचा, हे त्यांनाही कळत नाही आणि डॉक्टरांनाही. मला हा आकडा जास्त वाटत नाही, पण तो शून्य नाही, आणि पाठपुरावा करूनही ३९ जण राहिलेच, हे विसरून चालणार नाही. आपल्या देशात या उंबरठ्यावर १३.६ कोटी माणसे असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतली एक आता माझ्या घरातली आहे.

तुझ्या बाबतीत पैशाचा प्रश्न नाहीच. जिमचे अठरा हजार तू जानेवारीत भरलेस आणि मोजून अकरा वेळा गेलीस, हे तूच सांगितले होतेस. दंडाला चिकटवायचे ते साखर मोजणारे यंत्रही मागवायच्या विचारात आहेस. डॉक्टरांनी सांगितले तर जरूर घे, पण ते यंत्र तुझ्याऐवजी चालायला जाणार नाही. प्रतिबंधाच्या नावाखाली हल्ली जे विकले जाते त्यातले बरेचसे मला त्या चूर्णाच्या जातीचे वाटते, फक्त डबी बरी असते. तुला खरा खर्च आहे तो वेळेचा. रात्री साडेदहापर्यंत अमेरिकेशी बोलायचे, अकराला जेवायचे आणि सकाळी झोप अर्धी सोडून हिंजवडीच्या वाहतुकीत दीड तास बसायचे, यात आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे कुठून काढायचे हा प्रश्न मी उपदेशाने उडवून लावणार नाही. तुझ्या साहेबांशी आठवड्यातले दोन उशिराचे कॉल तरी हलवण्याबद्दल बोल. त्यात बढती सहा महिने लांबली तर ती रक्कम वहीत खर्चाच्या बाजूला लिही.

आणखी एक काम दिवाळीआधी कर. कंपनीचा विमा नोकरीबरोबर जातो, म्हणून स्वतःच्या नावाची पॉलिसी आता घे. गेल्या महिन्याच्या २२ तारखेपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला आहे, आणि आधीपासून असलेल्या आजारासाठी थांबण्याची कमाल मुदतही गेल्या वर्षी चारवरून तीन वर्षांवर आली आहे. अर्जात ६.१ हा आकडा जसाच्या तसा लिही, एजंट "नाही लिहिले तरी चालते" म्हणाला तरी. मात्र अशा पॉलिसी बहुतेक करून दवाखान्यात भरती झाल्यावरच पैसे देतात, रोजच्या गोळ्या आणि तपासण्या आपल्याच खिशातून जातात, हे धरून चाल. मला दरमहा पैसे पाठवण्याचा विषय तू पुन्हा काढशील, तर माझ्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च आता सहाशेच्या आत आहे आणि पेन्शनमध्ये तो आरामात बसतो. दिवसाआड काही घेत नाही. पाहिजे तर आईला विचार.

जानेवारीत पुन्हा तीन महिन्यांची साखर तपासायची आहे. अहवाल मोबाइलवर पाठवू नकोस, येताना कागद घेऊन ये.

तुझा,
बाबा

ता. क. : वाघ्या घेवडा निघाला आहे. आईने तुझ्यासाठी दोन किलो निवडून बांधून ठेवला आहे. सचिन बुधवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. त्याला जेवल्याशिवाय सोडू नकोस.