स्कोअर छापता, डावही छापा की

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात आमच्या जिल्ह्यात शाळांची सांघिक बुद्धिबळ स्पर्धा झाली, आपल्या पेपरात बातमी आली, फोटो आला, बक्षीस कोणाच्या हस्ते ते आलं आणि निकाल आले. त्यातली एक ओळ होती "2-2 बरोबरी". ती माझ्या मुलीची मॅच. चौघांच्या टीममध्ये ती चौथ्या पटावर खेळते.

आता त्या 2-2 च्या मागे काय झालं ते सांगतो. तीन पट संपलेले, आमची टीम 2-1 ने पुढे, म्हणजे हिने नुसता ड्रॉ केला तरी मॅच खिशात. पटावर दोघींचा एकेक हत्ती आणि समोरच्या मुलीचं एक प्यादं जास्त. काँप्युटरला विचारलं तर तो 0.00 म्हणेल, डाव बरोबरीत. हिने दोनदा ड्रॉ ऑफर केला आणि त्या मुलीने दोन्ही वेळा नाही म्हटलं, कारण तिच्या टीमला जिंकल्याशिवाय पर्यायच नव्हता. आणि तीच पोरगी शेवटी जिंकली. आमची हरली त्याचं वाईट वाटलंच, पण त्या मुलीचं खरंच कौतुक वाटतं.

सांघिक स्पर्धेचा डाव वेगळा असतो तो इथे. शेजारच्या पटावर काय चाललंय, स्कोअर किती, यावर चाल ठरते. कॅप्टन फार तर ड्रॉ दे, ड्रॉ घे किंवा डाव सोड एवढं सांगू शकतो, पोझिशनबद्दल एक शब्द बोलता येत नाही. म्हणून अशा डावावर टिपणं लिहिताना चांगल्या-वाईट चालींपुढे नुसती उद्गारचिन्हं-प्रश्नचिन्हं देऊन भागत नाही, त्या क्षणी मॅचचा स्कोअर काय होता आणि खेळणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते यायला हवं. ते काँप्युटर सांगणार नाही, ते त्या पोरांनाच विचारावं लागेल, आणि दोन दिवसांत विचारलं तर आठवतंही सगळं.

बुडापेस्टला 2024 च्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये आपण दोन्ही गोल्ड आणली, नाशिकचा विदित गुजराथी ओपन टीममध्ये, नागपूरची दिव्या देशमुख महिलांच्या टीममध्ये, त्यांचे डाव जगभर छापून आले, नेटवर पाहिजे तेवढं विश्लेषण मिळतं. पण भाऊसाहेब पडसलगीकरांच्या या सांगली भागात तालुक्याच्या पोरांनी खेळलेला डाव कुठे मिळतो? स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहिलेला कागद, नियमाने आयोजकांची असते, ती गठ्ठ्यात जाते आणि संपलं. त्यांना एक फोन केला तर ते आनंदाने देतील असं मला वाटतं.

तर विनंती अशी की रविवारच्या पानावर शब्दकोड्याच्या शेजारी एवढीशी जागा द्या, एका आठवड्याला जिल्ह्यातला एक डाव टिपणांसकट आणि पुढच्या आठवड्याला एक कोडं. दोन चालीत मात वाली रचलेली कोडी सुंदर असतात, मला स्वतःला फार आवडतात, तीही द्या, पण अधूनमधून आपल्याच पोरांच्या पटावर आलेली पोझिशन द्या. तेच कोडं शाळेतली बाकीची पोरं जास्त जीव लावून सोडवतील.

पहिलं मीच पाठवतो, मुलीला विचारूनच (पांढऱ्याच्या बाजूने डावीकडून ए ते एच उभ्या पट्ट्या, खालून 1 ते 8 आडव्या रांगा). पांढरा: राजा डी5, हत्ती एच7, प्यादं ई5. काळा: राजा ई8, हत्ती ए6. काळ्याची चाल, डाव वाचवा. हिने घाईत हत्ती ए1 ला नेला, मागून शह द्यायला. कल्पना बरोबर, पण वेळ चुकली. प्यादं अजून पाचव्याच रांगेत होतं, हत्तीने सहावी रांग सोडल्याबरोबर पांढरा राजा आत घुसला आणि तिथून वाचणं फार अवघड झालं. हत्ती सहाव्या रांगेतच इकडेतिकडे हलवत थांबायचं, बी6 वगैरे, आणि प्यादं ई6 ला आलं की मग खाली पहिल्या रांगेत जाऊन मागून शह देत राहायचं, पांढऱ्या राजाला प्याद्याच्या आड लपायला जागाच उरत नाही. 18व्या शतकातल्या फिलिडोर या फ्रेंच खेळाडूच्या नावाने हा बचाव ओळखतात. त्या रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघांनी तो पटावर पंधरा-वीस वेळा खेळून बघितला, आधी ती काळी, मग मी काळा.

आपला,
एक वाचक, मिरज